चालता-बोलता माठ

वैशाखाचे दिवस असतात. परीक्षा संपून दप्तरे खुंटीला लागलेली असतात आणि घरोघरी गावी जाण्याची तयारी चाललेली असते. कोणी कोकणात निघतो, कोणी वऱ्हाडात, तर कोणी खानदेशात. दिवसभराचा प्रवास करून आजोळच्या उंबऱ्यात पाऊल टाकले, की पहिली धाव जाते ती स्वयंपाकघरातील माठाकडे. बाहेर अंगाची लाही लाही होत असते. परंतु माठातील पाणी असे गार असते, की पहिल्या पेल्यासरशी सारा शीण उतरावा.

हे पाणी गार होते तरी कसे? माठाला कोणी बर्फात ठेवीत नाही, की त्याला विजेचे यंत्र जोडीत नाही. त्याचे रहस्य त्याच्या ओलसर अंगात आहे. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून थोडे थोडे पाणी पाझरून बाहेरच्या बाजूस येते आणि तेथे त्याची वाफ होऊन जाते. पाण्याची वाफ व्हावयास उष्णता लागते. ती उष्णता ते पाणी माठातूनच ओढून घेते, आणि त्यामुळे आत उरलेले पाणी थंड होते. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजतात, तो पाझरेनासा होतो आणि मग त्यातले पाणीही गार होईनासे होते. म्हणूनच आजी दर उन्हाळ्यात नवा माठ आणावयास सांगते. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघणारे लोक जाड कापडाची पाण्याची पिशवी, म्हणजे छागळ, बैलगाडीला किंवा आगगाडीच्या खिडकीबाहेर टांगून ठेवीत. तिचे पाणी गार होई ते याच रीतीने.

मुलांनो, असाच एक माठ तुम्ही प्रत्येक प्रवासात आपल्याबरोबर नेत असता. तो म्हणजे तुमचे शरीर. (वर्गात एखाद्या शिक्षकांच्या तोंडून ‘माठ’ हा शब्द तुम्ही निराळ्या अर्थाने ऐकला असेल. तो अर्थ येथे मुळीच अभिप्रेत नाही!) मातीच्या माठाला जशी छिद्रे, तशा आपल्या त्वचेत २० लाखांहून अधिक घर्मग्रंथी आहेत. आपल्या शरीराच्या आतील तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राहिले, तरच मेंदू, हृदय आणि इतर अवयव आपापली कामे नीट करू शकतात. तापमान वाढू लागले, की घर्मग्रंथी पाझरू लागतात. घाम त्वचेवर येतो, त्याची वाफ होते आणि शरीर निवते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेने नळाचे सात लिटर पाणी उकळीला आणता येईल! घामाला आपण नाके मुरडतो, पण उन्हाळ्यात आपल्याला जिवंत ठेवणारा सेवक तोच होय.

या सेवकाचे महत्त्व धावत्या गाडीत विशेष कळते. बाहेरची हवा २५-३० अंशांची असेल, तर खिडकीतून येणारा वारा अंगातील उष्णता काढून नेतो. परंतु आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तापली, म्हणजे तोच वारा उलट अंगात उष्णता भरू लागतो. अशा वेळी घामाखेरीज शरीराला दुसरा आधार उरत नाही. ४२ अंशांच्या झळा खात खिडकीशी बसलेल्या मुलाला वाटते, की छान वारा लागतो आहे आणि घामही आलेला नाही. वस्तुतः घाम येतच असतो; कोरड्या वाऱ्यात तो दिसण्यापूर्वीच सुकून जातो. माठ रिता होत असतो, परंतु त्याच्या धन्याला त्याची वार्ताही नसते.

१९८९ सालच्या मे महिन्यातील एक प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतो. मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, मेहकरकडे निघालो होतो. वाटेत सिंदखेड राजा लागते. जिजाऊंचे हे जन्मस्थान भाच्याला दाखवावे, म्हणून आम्ही तेथे उतरलो. लखुजी जाधवांच्या वाड्याचा भव्य दरवाजा पाहून तो हरखून गेला. मी मास्तर माणूस. इतिहास सांगू लागलो, म्हणजे मला घड्याळाचे भान राहत नाही. उन्हात उभे राहून मी सांगत होतो आणि तो माना डोलावीत ऐकत होता. काही वेळाने त्याचे लक्ष उडाल्यासारखे वाटले. मला थोडा रागही आला. इतक्यात तो म्हणाला, “मामा, मला कसंसंच होतंय,” आणि मटकन खाली बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, अंग घामाने चिकट झाले होते, आणि त्याला उमासे येत होते.

जवळच लिंबाच्या झाडाखाली चहाची एक टपरी होती. ती चालविणाऱ्या आजीबाई लगबगीने पुढे आल्या. “भाऊ, लेकरू उन्हानं सुकलं. त्याले अगोदर सावलीत घ्या,” असे म्हणत त्यांनी त्याला बाकावर निजविले, पायांखाली एक गोणपाट गुंडाळून ठेवले, पदर भिजवून त्याचे तोंड व मान पुसली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. मग पेलाभर पाण्यात साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळून ते त्याला घोट घोट पाजले. तासाभराने भाचा उठून बसला. तेव्हा मी त्याला विचारले, “सकाळपासून पाणी किती प्यायलास?” तो खाली मान घालून म्हणाला, “प्यायलोच नाही, मामा. पाणी प्यायलो की मग मध्येच उतरावं लागतं. गाडी आपल्याला सोडून गेली असती तर?”

पहाटे सहाला आम्ही घर सोडले होते. वाटेत दोन ठिकाणी उतरून मी स्वतः चहा घेतला होता, परंतु त्याला पाणी विचारले नव्हते. मुलगा काही मागत नाही, हट्ट करीत नाही, म्हणून मनातल्या मनात त्याचे कौतुकच करीत होतो. ही हकीकत माझ्या बहिणीला सांगण्याचे धैर्य मला पुढे कित्येक वर्षे झाले नाही.

गाडीतून मध्येच उतरावे लागेल, या संकोचाने पाणी न पिणारी मुले-मुली मी त्यानंतरही पुष्कळ पाहिली. त्यांना एक छोटा हिशेब सांगावासा वाटतो. शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के पाणी कमी झाले, तरी माणूस थकतो, त्याचे डोके दुखू लागते, लक्ष लागत नाही. तुमचे वजन ३५ किलो असेल, तर हे २ टक्के म्हणजे अवघे ७०० मिलिलिटर, एका मध्यम बाटलीएवढे. कडक उन्हात श्रम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. मुलांचा घाम त्याहून कमी असला, तरी त्यांचा माठही लहान असतो. शिवाय तहान ही जरा उशिराने येणारी पाहुणी आहे; ती येण्यापूर्वीच पाणी कमी झालेले असते. म्हणून प्रवासात तहान लागो वा न लागो, थोड्या थोड्या वेळाने चार-पाच घोट घेत राहावे. लघवी फिकट पिवळी असेल, तर माठ भरलेला आहे असे समजावे. ती गडद होऊ लागली, तर तो रिता होत आहे. आणि गाडी थांबताच, कोणाला कितीही हसू आले तरी, संकोच न करता मोठ्यांना सांगून उतरावे. तुम्ही सांगितलेत, तर ते वाहकाला तसे कळवू शकतात.

माझ्या भाच्याला झाला तो उन्हाचा साधा तडाखा होता. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी एवढ्याने तो बरा झाला. परंतु याच्या पुढची पायरी भयंकर असते. तिला उष्माघात म्हणतात. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याला झटके येतात किंवा त्याची शुद्ध हरपते. पुष्कळदा त्याचा घामही थांबतो आणि त्वचा कोरडी व तापलेली लागते. परंतु घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे मात्र समजू नये. अशा वेळी एक क्षणही दवडू नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन त्याचे कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. आटलेल्या माठावर बाहेरून पाणी शिंपावे तसेच हे आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन त्याचा जीव गुदमरेल.

खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन बाधत नाही, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. खिशाला वास लागण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही. कांदा भाकरीबरोबर खावा हे बरे. डोक्याला भिजवलेला पंचा गुंडाळण्याची शेतकऱ्यांची रीत मात्र शास्त्राला धरून आहे. का, ते तुमचे तुम्हीच सांगू शकाल.

आता कोकणात जाणाऱ्यांचे पाहू. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. रत्नागिरीस तो बहुधा ३५ अंशांच्या आतच असतो. तरीही चंद्रपूरचा मुलगा रत्नागिरीला आला, की म्हणतो, “येथे फार उकडते!” त्याचे म्हणणे खरे असते. समुद्रकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिच्यात आणखी वाफ सहजी मावत नाही. म्हणून घाम सुकत नाही. तो थेंबाथेंबाने नुसता गळत राहतो. गळून गेलेला घाम अंग थंड करीत नाही; पाणी आणि मीठ मात्र खर्ची पडते. तुमच्या कोकणातील आजीचा माठ वऱ्हाडातील माठाएवढा गार पाणी देत नाही, त्याचेही कारण हेच. कोकणात सैल सुती कपडे घालावेत, वाऱ्याला बसावे आणि पाणी पिण्यात हयगय करू नये.

कोकणात उतरताना आंबा, कुंभार्ली, वरंधा असे घाट लागतात आणि वळणावळणाला कोणाला तरी गाडी लागते. हा काही पोटाचा दोष नव्हे. आपल्या कानाच्या आतील भागात अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळते, की आपण वळत आहोत. पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलाचे डोळे मेंदूला सांगतात, “सर्व स्थिर आहे”, कान सांगतात, “आपण गरगर वळत आहोत.” या दोन साक्षींचा मेळ न बसल्यामुळे मळमळू लागते. म्हणून घाटात वाचू नये, पुढच्या बाजूस बसावे आणि दूरच्या रस्त्याकडे पाहावे. निघताना पोट तुडुंब भरलेले नसावे, तसे अगदी रिकामेही नसावे. उलटी झालीच, तर चूळ भरून थोड्या वेळाने घोट घोट पाणी प्यावे. कारण उलटीवाटेही माठ रिता होतोच.

येथवर आपण माठ रिता कसा होतो ते पाहिले. तो कशाने भरावा, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. तहानलेल्या माणसाला सर्व पाणी सारखेच दिसते. पाणी नितळ असले म्हणजे ते शुद्ध असते, असे नव्हे. विषमज्वर, कावीळ, हगवण, पटकी यांचे जंतू व विषाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. खळखळून उकळी आलेले पाणी एक मिनिटभर तसेच उकळू दिले, की ते मरतात. मात्र गोठवल्याने ते मरतीलच असे नाही. बसस्थानकावरचा लालभडक गोळा पाहून तोंडाला पाणी सुटते खरे. पण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे गोळेवाल्यालाही ठाऊक नसते. मी स्वतः लहानपणी पुष्कळ गोळे खाल्ले आणि त्याची शिक्षाही भोगली. पाणपोईवर पाणी प्यावयाचे झाले, तर रांजण झाकलेला आहे ना आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढतात ना, हे पाहावे. जेथे जो येतो तो हात बुडवून भांडे भरून घेतो, तेथे पुढे व्हावे. घरून उकळलेले पाणी भरून घेतलेली बाटली या सर्वांहून चांगली. खाण्याचेही तसेच. दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजलेले शेंगदाणे यांत पाण्याचा अंश थोडा असतो, म्हणून ते पदार्थ उन्हाळ्यातही टिकतात. ओली भाजी दुपारपर्यंत आंबते.

इतके करूनही एखाद्याला जुलाब होतात. तेव्हा काय करावे? एके काळी घरोघरी सांगत, “जुलाब होत आहेत ना, मग पाणी देऊ नका, जे घातले ते बाहेरच पडणार.” या एका समजुतीने किती मुले दगावली असतील, त्याची गणती नाही. ती खोटी आहे, हे ज्या एका ठिकाणी साऱ्या जगाला दिसून आले, तेथली हकीकत तुम्हांला सांगतो.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भयंकर अत्याचार सुरू झाले आणि लक्षावधी लोक घरदार सोडून पश्चिम बंगालमध्ये आले. त्यांचा प्रवास सुटीचा नव्हता. मैलोन् मैल पायपीट करून, वाटेत मिळेल ते पाणी पिऊन ते सीमेवरील बनगाव येथे पोचत होते. तेथे पटकीची साथ उसळली. पटकीत काही तासांतच शरीरातील पाणी आणि क्षार वाहून जातात. त्यावर शिरेतून सलाइन देणे हा उपाय होता. परंतु रुग्णालयात जमिनीवरही पाय ठेवावयास जागा नव्हती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. कलकत्त्याहून तेथे गेलेले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून ते पाणी त्यांनी तोटीच्या पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितले, “हे घ्या, आणि यांना पाजत राहा.” आया मुलांना पाजू लागल्या, भाऊ भावांना पाजू लागले. पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण आधी शेकडा ३० च्या आसपास होते. ते शेकडा ४ च्या खाली आले.

हे कशामुळे घडले? जुलाबात नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही. परंतु मिठाबरोबर ग्लुकोज असेल, तर ती दोघे जणू एकमेकांचा हात धरून आतड्याच्या भिंतीतून आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही ओढले जाते. शास्त्रज्ञांनी ही गोष्ट १९७१ पूर्वीच प्रयोगांनी दाखविली होती. परंतु असे साधे पाणी हजारोंच्या गर्दीत, शिकलेल्या परिचारिकांवाचूनही कामी येते, हे बनगावने सिद्ध केले. डॉक्टर महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याने लढाई जिंकली त्याचे नाव आपण पाठ करतो, हे मात्र खरे.

सिंदखेड राजाच्या त्या आजीबाईंनी हे काही वाचलेले नव्हते. तरी त्यांच्या पेल्यात मीठ होते आणि साखरही होती.

या मिश्रणाची पुडी आज ‘ओआरएस’ या नावाने औषधांच्या दुकानात अल्प किमतीस आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. प्रवासाच्या पिशवीत अशा दोन पुड्या असू द्याव्यात. पुडीवर जेवढे पाणी लिहिलेले असेल, तेवढ्याच पाण्यात ती सबंध विरघळवावी. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घालणारे शहाणे मी पाहिले आहेत. तसे केल्याने मिठाचे प्रमाण अतोनात वाढून अपाय होतो. दिसायला तशीच, पण नुसती गोड असलेली पेये जुलाबात देऊ नयेत; फार साखरेने जुलाब वाढतात. केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे. जुलाबांतून रक्त पडत असेल, रुग्णाला पाणीही पोटात ठरत नसेल किंवा तो मलूल होऊन पडला असेल, तर पाजता पाजताच त्याला दवाखान्यात न्यावे.

पुडी जवळ नसेल, तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा सपाट असावा, शिगोशीग भरलेला नसावा. हात स्वच्छ धुऊन मगच हे काम करावे. ढवळून झाल्यावर प्रथम आपण थोडी चव पाहावी. डोळ्यांतून ओघळून ओठांवर आलेले पाणी कसे लागते, ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्याहून ते खारट लागले, तर ओतून द्यावे आणि पुन्हा नव्याने करावे.